भिंतीवरचे अब्बू

"चाचा, जरा मेल्यासारखं बघा," शेहरोज म्हणाला आणि त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला.

वसीक साहेबांनी शेरवानीचं वरचं बटण लावलं आणि पुन्हा काढलं.

"मेलो कशानं?"

"काय?"

"आजारानं की अपघातात? चेहऱ्यात फरक पडतो."

शेहरोज मालिकेचा दिग्दर्शक, वयाने त्यांच्या नातवाएवढा. मालिकेतले अब्बू पहिल्या भागाच्या आधीच वारले होते आणि ते कशाने वारले हे लिहायचं लेखकाला सुचलं नव्हतं. दिवाणखान्यात काळ्या चौकटीत लावायला त्यांचा फोटो तेवढा हवा होता.

"झोपेत गेले असं धरू या," तो म्हणाला.

"मग काहीतरी सांगायचं राहून गेलं असणार," वसीक साहेब म्हणाले आणि त्यांनी समोर पाहिलं. शेहरोजने घाईघाईने बटण दाबलं.

एके काळी कराचीत एकच वाहिनी होती. नाटकं थेट दाखवली जात आणि कुणी अडखळलं तर साऱ्या शहराला कळत असे. वसीक अन्सारी कधी अडखळले नाहीत. त्यांचा आवाज सुरू झाला की नाझिमाबादच्या चहाच्या हॉटेलात लोक कप बशीत ठेवतानाही जपून ठेवत. पुढे वाहिन्या वाढल्या. वसीक साहेब प्रियकराचे भाऊ झाले, मग वडील, मग खाटेवरून खोकणारे आजोबा. आता भिंत.

मालिका मात्र लोकांनी उचलून धरली. दर बुधवारी मिशाल नावाची नवी मुलगी त्या फोटोपुढे उभी राहायची, घरातला सगळा जाच अब्बूंना सांगायची आणि ढसाढसा रडायची. गुरुवारी वसीक साहेब खिमा आणायला गेले की यामीन खाटीक सुरा खाली ठेवायचा.

"साहेब, तुमची थोरली सून दागिने माहेरी पोचवतेय. आणि तुम्ही गप्प."

"मी मेलोय, यामीन."

"ते कळलं हो. पण घरात काही वचक?"

वसीक साहेबांना हे लागलं. त्यांनी शेहरोजला फोन केला.

"मेलेली माणसं स्वप्नात येतात की."

"येतात, चाचा, पण वाहिनीवाले—"

"एक वाक्य. जास्त नको."

वाहिनीवाल्यांनी चक्क होकार दिला. वाक्य आलं: 'पोरी, धीर धर.'

आठवडाभर वसीक साहेब ते वाक्य म्हणत होते. न्हाणीघरात खालच्या पट्टीत, गच्चीवर टिपेला, आणि दिवे गेले की अंधारात कुजबुजत. शेवटी त्यांच्या पत्नीने, नुजहतने, चिरता चिरता कांदा खाली ठेवला.

"मला सांगताय? मी निकाह झाल्यापासून तेच करतेय."

"कसं वाटतंय ते सांग."

"त्या पोरीला सांगा. तिला गरज आहे."

चित्रीकरण भाड्याच्या बंगल्यात होतं. वसीक साहेबांना पांढरे कपडे घातले, पायाशी धूर सोडला. धुराने ठसका लागला, म्हणून आधी स्वर्ग हवेशीर करावा लागला. मग मिशाल पलंगावर उठून बसली, तिने अब्बूंना सगळं सांगितलं आणि त्यांनी वाक्य म्हटलं.

मागे दिव्यांशी उभी असलेली माणसंही स्तब्ध झाली. आवाज तोच होता. पण मिशालच्या डोळ्यांत टिपूस नाही.

पुन्हा झालं. पुन्हा तेच. डोळ्यांत औषध घातलं, तर डोळे नुसते लाल झाले.

"सॉरी, सर," ती वसीक साहेबांना म्हणाली. "फोटोपुढे मला आपोआप रडू येतं. तुम्ही बोललात की वाटतं, झालं, आता सगळं ठीक होणार. मग कशाला रडू?"

शेहरोजने डोकं खाजवलं. "चाचा, वाक्य जरा कमी चांगलं म्हणता येईल?"

वसीक साहेबांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. जमलं नाही. जन्मात कधी केलं नव्हतं.

मिशाल हाताचं नख कुरतडत होती. ही तिची पहिलीच मालिका, आणि निर्मात्याचा माणूस दारात उभा राहून तिच्याकडेच बघत होता. वसीक साहेबांनी त्याला पाहिलं, मग तिला. पांढऱ्या कुडत्याची बाही त्यांनी नीट केली.

"घ्या," ते म्हणाले.

मिशालने सगळं सांगितलं. मग वाक्याची वाट पाहिली. अब्बू नुसते बघत होते, चौकटीतल्यासारखे. ती थांबली, आणखी थांबली. मग ती अशी रडली की कुणी 'कट' म्हणेना.

"वाक्य विसरलात, चाचा?" शेहरोजने मागाहून हळूच विचारलं.

"वय झालं," वसीक साहेब म्हणाले.

"राहू दे. असंच ठेवू."

बुधवारी नुजहत आतलं काम टाकून टीव्हीपुढे बसली. स्वप्न आलं, धूर आला, मिशाल रडली, जाहिरात लागली.

"तुमचं वाक्य?"

"विसरलो."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. जाहिराती संपेपर्यंत पाहत राहिली. मग उठून चहा टाकायला गेली, आणि डॉक्टरांनी बंद केलेली साखर तिने त्या दिवशी त्यांच्या कपात घातली.

"उद्या खिमा आणाल तो यंत्रातून दोनदा काढायला सांगा," ती आतून म्हणाली. "कबाबाला आहे. नाहीतर तळताना फुटतात."

सकाळी यामीनने दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून त्यांना पुढे घेतलं.

"काल स्वप्नात येऊन काय बोललात, साहेब. आमची म्हातारी आई उठून बसली."

"काय बोललो?"

"आता शब्द कुठे ध्यानात राहतात माझ्या." त्याने पुडकं बांधून हातात दिलं. "पण आवाज तोच. जुना. मी आईला म्हटलं, ऐक, याला म्हणतात आवाज."

वसीक साहेब पुडकं घेऊन निघाले. घराच्या जिन्याशी पोचले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, दोनदा काढायला सांगायचं ते साफ विसरले होते.