सातवा गुण

“बोट हलवू नकोस हं आई, येतोय मी,” एमेट म्हणाला आणि धावला.

मार्लिसने बोट हलवलं नाही. एक गुडघा गवतात टेकून, लांबट बॉलचं खालचं टोक जमिनीवर आणि वरच्या टोकावर तर्जनी, अशी ती बसली होती तशीच राहिली. एमेटचा बूट आधी जमिनीत घुसला. ढेकूळ उडालं, बूट उसळला आणि बॉलसकट तिच्या बोटावर आदळला. बॉल खांबांकडे जायचं सोडून शाळेच्या नळाकडे घरंगळत गेला.

“लागलं?”

“बोट आहे, लागणारच.” मार्लिस हात झटकत म्हणाली. “तू अजून त्या ठोकळ्याच्या हिशेबानं पाय टाकतोयस. ठोकळा नाहीये आता तिथं.”

सगळं दुखणं त्या ठोकळ्याचं होतं. शाळेच्या अमेरिकन फूटबॉलमध्ये किक मारणाऱ्याला बॉलखाली रबरी ठोकळा ठेवायची मुभा असते. जेमतेम दोन बोटं उंच, पण त्या दोन बोटांवर एमेट ब्रोझची सगळी कीर्ती उभी होती. वेस्टन क्रीकच्या कॅफेत अजूनही लोक त्याच्या शेजारगावाविरुद्धच्या किकबद्दल बोलत. बोलता बोलता दर महिन्याला ती थोडी लांबून मारलेली होत असे. कॉलेजात मात्र ठोकळा चालत नाही. बॉल सरळ जमिनीवर. आणि ज्या दोन खांबांमधून तो घालवायचा, तेही तिथं एकमेकांच्या जास्त जवळ रोवलेले.

कॉटनवुड कॉलेजच्या कोचनं त्याला ‘ये’ म्हटलं होतं, ‘राहा’ म्हटलं नव्हतं. ऑगस्टमध्ये यायचं, पाय दाखवायचा, जमलं तर संघात, नाहीतर आपला अभ्यास करायचा.

संध्याकाळपर्यंत मार्लिसचं बोट वांग्यासारखं सुजलं. तिचा भाऊ मिलो जेवायला आला होता. गावातल्या निम्म्या विहिरींचे पंप त्याच्या हातचे होते, आणि बोलण्यातही तो कुठली गोष्ट खोलातून काढल्याशिवाय राहत नसे.

“म्हणजे अख्ख्या सामन्यात चार वेळा मैदानात जायचं, एकेक लाथ मारायची आणि परत बाकावर येऊन बसायचं,” दालचिनी रोल चिलीच्या तिखट रश्शात बुडवत तो म्हणाला. “आणि त्यासाठी आईची बोटं मोडायची. वा रे खेळ! अरे, माझ्याबरोबर चल विहिरींवर. पंप बिघडायचे ते बिघडतातच. तिथं कुणी चाचणी घेत नाही.”

“मामा, नाही जमलं तर तुझ्याकडेच येईन,” एमेट म्हणाला. “पण जमत नाही हे मला कळू दे तरी.”

“कळलं की आज. तुझ्या आईच्या बोटाला विचार.”

“माझ्या बोटाचं मी बघते,” मार्लिस म्हणाली. “तू चिली खा.”

दुसऱ्या दिवशी तिनं बोटाला पट्टी बांधली आणि दुसऱ्या हातानं बॉल धरला. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेची बस चालवायची नसे. चर्चच्या शिबिराच्या पोरांना तलावावर सोडलं की दिवस मोकळा. नवरा वायोमिंगला दुसरा संसार थाटून बसल्यापासून तिनं मोकळ्या दिवसांची सवय सोडली होती. मायलेक रोज मैदानावर जात. एमेट जमीन खणत राहिला. मैदानाचा तेवढा तुकडा डुकरांनी उकरल्यासारखा दिसू लागला, तेव्हा शाळेच्या रखवालदारानं त्यांना हाकलून पलीकडच्या कोपऱ्यात लावलं. मग जुलै सरता सरता एका सकाळी आवाज बदलला. आजवर फटका ‘थप्’ वाजायचा, आता ‘ठण्’ वाजला. बॉल उठला, वळला आणि मधोमध गेला.

दोघं एकमेकांकडे न बघताच म्हणाली, “पुन्हा.”

ऑगस्टमध्ये कॉलेजच्या शिबिरातून त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज थकलेला होता. किकर दोघं होते आणि जागा एक. दुसरा वाल्डो रेन्तेरिया, मांस-कारखान्याच्या गावचा, पायानं खेळायच्या फूटबॉलमध्ये वाढलेला.

“चांगला आहे?”

“आई, मी सगळा उन्हाळा ठोकळा विसरण्यात घालवला. त्याला विसरायलाच काही नाहीये.”

“आणि माणूस कसा आहे?”

“तोच तर वांधा आहे. चांगला आहे.”

चाचणी शनिवारी होती. मार्लिस पहाटेच निघाली आणि कुंपणाला हात लावून उभी राहिली. आत धिप्पाड पोरं एकमेकांवर आदळत होती. दोघं किकर बाजूनं चालत गेले, तेव्हा त्यांतला एकजण ओरडला, “अरे, पाय आले रे पाय! ऊन लागेल त्यांना, छत्री धरा कुणीतरी!” सगळे हसले. एमेटही हसला. ते मार्लिसला आवडलं नाही आणि आवडलंही.

शेजारी एक ठेंगणी बाई येऊन उभी राहिली. तिच्या अंगावर कामाचा पांढरा डगला तसाच होता. रात्रपाळी करून आली असावी.

“तुमचा कुठला?” तिनं विचारलं.

“तो, गुडघ्यावर बसलाय ना, तो.”

“माझा उभा आहे तो,” बाई म्हणाली.

बॉल धरणाऱ्या नेहमीच्या पोराचं मनगट मुरगळलं होतं. म्हणून कोच टिबेट्सनं फर्मान काढलं होतं: एकमेकांचा बॉल एकमेकांनीच धरायचा. मार्लिसला ते मुळीच पटलं नाही. ज्याच्याशी झुंजायचं, त्याच्याच बोटावर आपलं नशीब?

दोघं आलटून पालटून मारत गेले, दर फेरीला थोडे मागे सरकत. कुणीच हुकेना. बाजूला टिंगल करणारी पोरंही हळूहळू बघत उभी राहिली. मग वाल्डोच्या पाळीला, धरणाऱ्याकडे बॉल मागे फेकायचं काम ज्याचं, त्या मधल्या खेळाडूचा नेम चुकला आणि बॉल उंच गेला. एमेट गुडघ्यावर होता. बॉल त्याच्या डोक्यावरून चालला होता. जाऊ दिला असता तर कुणी त्याला बोल लावला नसता. चूक फेकणाऱ्याची आणि किक वाल्डोची वाया.

एमेट अर्धवट उठला, एका हातानं बॉल हवेतून ओढून खाली आणला, जमिनीवर टेकवला, शिवण फिरवून पुढे केली आणि बोट ठेवलं. वाल्डोचा पाय आलाच. बॉल गेला, आरपार.

डगलेवाल्या बाईनं छातीवर क्रूस काढला. मग हळूच म्हणाली, “तुमच्या मुलानं केलं ते.”

“हो,” मार्लिस म्हणाली.

मग त्याच जागेवरून एमेट. वाल्डोनं बॉल अगदी नीट धरला, यात तिला तिळभर शंका नव्हती. बॉल धरण्यातलं तिला कळत होतं. फटकाही चांगला बसला. पण शेवटी बॉल उजवीकडे कलला, खांबावर आपटला आणि बाहेर पडला. शाळेच्या खांबांत तो खुशाल बसला असता.

एमेट गाडीपाशी आला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना अजून गवत चिकटलेलं होतं.

“वाल्डो,” तो म्हणाला.

“बघितलं मी.” मार्लिसनं गाडीची किल्ली मुठीत आवळली. बोलायचं नव्हतं ते तोंडातून गेलंच. “सोडायचा होतास तो बॉल.”

“काय?”

“उंच आलेला. जाऊ द्यायचा होतास. कुणी काही म्हटलं नसतं.”

एमेट तिच्याकडे बघत राहिला. “तू सोडला असतास?”

“तुझ्यासाठी? हो.”

“खोटं बोलतेस.”

“मला काय माहीत खोटं का खरं! मला फक्त तू आत हवा होतास.” तिनं डोळे पुसले, रागानं, जसं कुणी दुसऱ्याचेच पुसतं. “बस गाडीत. सामान कुठंय?”

“सामान आत आहे. मी राहतोय.”

कोचनं त्याला बाजूला बोलावलं होतं. मनगटवाल्या पोरापेक्षा तुझे हात बरे आहेत, म्हणाला. किकर म्हणून जागा नाही, पण बॉल धरायला राहा. एमेटनं लगेच होकार दिला नव्हता. रोज सराव संपल्यावर मला किक मारू द्याल का, असं आधी विचारलं होतं.

“मग काय म्हणाला?”

“म्हणाला, मैदान काय माझ्या बापाचं आहे? दिवे बंद होईपर्यंत मार.”

मिलोला हे कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला. “लाथ मारायला गेला आणि गुडघे टेकून बसला!” पण पहिल्या सामन्याला मार्लिसच्या आधी तोच गाडीत बसून होता.

ते वर्ष असं गेलं. किक बसली की लाउडस्पीकरवरून वाल्डो रेन्तेरियाचं नाव घुमायचं, आणि त्याच्या पायाशी बसलेला एमेट उठून गुडघे झटकायचा. मार्लिस सहसा कुणाला सांगत नसे की तो माझा. एकदा समोरच्या रांगेतल्या माणसानं विचारलं, “हा खाली बसणारा कशाला असतो हो?” तेव्हा तिनं इतकं सविस्तर सांगितलं की त्यानं पुढच्या सामन्याला जागाच बदलली.

सराव संपल्यावर एमेट मारत राहिला. कधी वाल्डो थांबून बॉल धरायचा, कधी कुणीच नसलं तर लोखंडी घोडीच्या आधारानं बॉल जमिनीवर उभा करायचा. थंडीत जमीन दगड झाली तरी मारत राहिला. नाताळात घरी आला तेव्हा मार्लिसनं त्याच्या बुटाची टाच फाटलेली पाहिली आणि काही न विचारता नवे बूट आणून दारात ठेवले. उन्हाळ्यात मिलोबरोबर विहिरींवर कामालाही गेला. मिलोनं कबूल केलं की पोरगं पंपाला बरं आहे, फक्त दुपारी डबा खाऊन झाला की शेताच्या बांधावर बॉल मारत बसतं आणि गायी बिथरतात.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात वाल्डोची मांडी धरली. लांबच्या किका, सामना सुरू करायच्या किका, सगळं एकाच पायावर, तो कुरकुरणारच. कोचनं काम वाटून दिलं. त्या रात्री एमेटचा फोन आला.

“आई, टचडाउननंतरची एका गुणाची किक माझी.”

“सगळ्या?”

“सगळ्या. हुकेपर्यंत.”

एक गुण. बॉल घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउनचे सहा, आणि मागाहून किकेनं येणारा तो सातवा. किक जवळून असते, बहुतेक बसतेच, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

शनिवारी वारा असा होता की झेंडे फाटतील. मार्लिस आणि मिलो रांगेच्या टोकाला, पायऱ्यांशेजारी बसले होते. पहिल्याच डावात कॉटनवुडच्या पोरानं बॉल घेऊन रेषा ओलांडली आणि सगळं मैदान उठून ओरडलं. ओरडणं संपायच्या आत लोक खुर्च्यांमधून निघाले. कॉफी, गरम सॉसेज, लघवी. मिलोही निघाला. “येतोच,” म्हणाला. मार्लिस उभी राहून, गुडघे वळवून एकेकाला वाट देऊ लागली. एक लठ्ठ गृहस्थ गेला, मग त्याची बायको, मग पांघरुणात गुंडाळलेल्या दोन पोरी. त्यांच्या टोप्यांवरून मान उंचावून तिनं बघितलं तेव्हा एमेट पाठ फिरवून बाकाकडे परत चालला होता. फळ्यावर सहाचे सात झाले होते.

बघायचं राहूनच गेलं.

ती खाली बसली. हात मांड्यांखाली घातले. मिलो सॉसेज घेऊन आला. “झाली का त्याची?”

“झाली.”

“कशी होती?”

“बसली,” मार्लिस म्हणाली, आणि सॉसेज हातात तसंच धरून राहिली.

पुढे बराच वेळ काही घडेना. मध्यंतर झालं. थंडी वाढली. मिलो पुन्हा कॉफीला गेला, आणि तो गेला तोच कॉटनवुडनं दुसऱ्यांदा रेषा ओलांडली. पुन्हा तोच गलका, आणि पुन्हा रांग उठली. लठ्ठ गृहस्थ पुढे होता.

“बाई, जरा वाट देता?”

मार्लिस उभी राहिली. पण गुडघे वळवले नाहीत. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तिनं हात ठेवला, पट्टा लावावा तसा आडवा.

“थांबा.”

“अहो, पुन्हा केवढी गर्दी होईल तिथं! झाले ना सहा.”

“सातवा राहिलाय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, तरी मागच्या दोन्ही पोरी जागच्या जागी उभ्या राहिल्या. “तो होईपर्यंत कुणी हलायचं नाही. तिकडे बघा.”

गृहस्थानं तिच्याकडे पाहिलं. मग मैदानाकडे वळला. त्याच्या मागे त्याची बायको वळली, पोरी वळल्या, त्यांच्यामागचे कोण कोण ते वळले. पायऱ्यांवर दोन पेले घेऊन येणारा मिलो, काय झालं असेल म्हणून तिथंच थबकला. सबंध रांग रिकाम्या हातांनी, निघायच्या बेतात असल्यासारखी, खाली बघत उभी राहिली.

खाली एमेट मागे सरला, बाजूला सरला, हात सैल सोडून उभा राहिला. त्यानं मान हलवली. बॉल आला, टेकला. तो धावला. वाऱ्यानं आवाज वरपर्यंत येऊ दिला नाही. बॉल उठला, डावीकडे जरा डगमगला आणि दोन्ही खांबांच्या मधून पलीकडे गेला.

कुणीतरी टाळी वाजवली, एकच.

मार्लिसनं खुर्चीवरचा हात काढून घेतला आणि गुडघे वळवले.

“जा आता,” ती म्हणाली.