आत्याच्या व्हॅनचा धूर

आत्याच्या गॅरेजमध्ये वापरलेल्या खाद्यतेलाचे सात डबे होते, मिथेनॉलचं एक पिंप, कॉस्टिक सोड्याची एक बरणी, दोन तापमापक (त्यांतला एक फुटलेला), अठरा वर्षांची एक व्हॅन आणि अजून कोणी नोकरीवर न घेतलेली एक रसायनशास्त्राची पदवीधर. यादीतली शेवटची वस्तू म्हणजे मी.

आत्या त्या व्हॅनमधून शाळेच्या मुलांची ने-आण करते आणि घर त्यावरच चालतं. अशात नवीन धोरण आलं: पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचे परवाने बंद. सवलत एकच. इंधनात पाचवा हिस्सा बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलापासून केलेलं इंधन, घातलं आणि धूरमापकावर आकडा पन्नासच्या आत आला, तर दोन वर्षं वाढवून मिळणार. आमच्या व्हॅनचा आकडा होता एकसष्ट.

"हे धोरण माझ्यासाठीच केलंय," मी म्हणाले.

"तुझ्यासाठी? गाडी माझी, पोट माझं," आत्या म्हणाली. "तू फक्त गॅरेज पेटवू नकोस."

गॅरेज पेटलं नाही. तेल गाळलं, त्याची आम्लता मोजली, मिथेनॉल आणि सोडा घालून तापवलं, तळाला बसलेलं ग्लिसरीन काढलं आणि वरचं इंधन चार वेळा पाण्याने धुऊन वाळवलं. प्रयोगशाळेने ते सगळ्या कसोट्यांवर पास केलं. तो दाखला मी मोबाइलच्या पडद्यावर लावला. आई म्हणाली, "लोक तिथे माणसांचे फोटो लावतात गं."

इथपर्यंत थांबले असते तर बरं झालं असतं. पण पाचवाच हिस्सा का? धोरण करणारे लोक भित्रे असतात, असं माझं मत होतं. तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी टाकीतलं डिझेल काढून घेतलं आणि शंभर टक्के बायोडिझेल भरलं. आत्याला म्हटलं, "आज थोडं जास्त घातलंय."

तासाभराने तिचा फोन आला. "बाईसाहेब, तुमच्या थोड्या जास्तने गाडी रस्त्याच्या मधोमध बसलीय."

मागून एक पोरगं ओरडत होतं, "मावशी, तळणाचा वास येतोय, मला भूक लागली!"

मुलं शाळेपर्यंत चालत गेली आणि व्हॅन दोरीला बांधून मेकॅनिककडे. त्याने डिझेलचा फिल्टर बाहेर काढला. काळाकुट्ट चिखल. कारण मला लगेच कळलं, तेच तर दुःख. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं. अठरा वर्षांचा मळ माझ्या निर्मळ इंधनाने एका सकाळीत सोडवून फिल्टरमध्ये आणून भरला होता.

"जुन्या गाडीत प्रमाण हळूहळू वाढवावं लागतं," मी पुटपुटले. "माझ्या प्रकल्पाच्या अहवालात आहे हे."

"कोणी लिहिलं होतं?" आत्याने विचारलं.

"मीच."

"मग वाचायला काय धाड भरली होती?"

मेकॅनिकने टाकी धुतली, नवा फिल्टर बसवला आणि म्हणाला, "उघडलंच आहे, तर हवेचाही फिल्टर बदलून टाकतो. पार चोंदलाय."

"नको!" मी ओरडले. "दोन गोष्टी एकदम बदलल्या तर धूर कशाने कमी झाला ते कळणार कसं?"

मेकॅनिक आत्याकडे बघत राहिला.

"बदला हो तुम्ही," आत्या म्हणाली. "हिला निबंध लिहायचाय, मला उद्या परवाना हवाय."

हवेचा फिल्टर बदलला गेला. मी मुकाट्याने मापाचं भांडं घेतलं आणि टाकीत चार हिस्से डिझेल, एक हिस्सा बायोडिझेल भरलं. थेंबभरही जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर तपासनीसाने धूरमापकाची नळी व्हॅनच्या मागे खुपसली. तीनदा मोजून सरासरी धरतात. आत्या सीटच्या टोकाला बसली होती, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून.

"मी दाबू का पेडल?" मी खिडकीशी जाऊन विचारलं.

"तू कशालाही हात लावू नकोस."

तिने पेडल दाबलं. एक्कावन्न. तपासनीसाने 'पुन्हा' अशा अर्थी बोट वर केलं. पुन्हा दाबलं. सत्तेचाळीस. तिसऱ्यांदा इंजिन ओरडलं, मागे थोडा करडा धूर निघाला. अठ्ठेचाळीस.

सरासरी अठ्ठेचाळीस पूर्णांक सात. दोन वर्षं मिळाली; बायोडिझेलने की हवेच्या फिल्टरने, ते मात्र कळलं नाही.