मऊ क्लच

पिकअप आमच्या दारात आली त्या दिवशी मी तिला ओवाळलं, आणि त्या दिवसापासून नवरा तिचा झाला. मला सवत आणायला हुंडा द्यावा लागला नाही एवढंच. आमच्या ह्यांचं नाव तम्मण्णा. वडगावात आमचे माग. साड्यांचे गठ्ठे मागं टाकायचे, आम्ही दोघं पुढं, आणि संकेश्वर, निपाणी करत कोगनोळीचा सीमेवरचा नाका ओलांडून सूत आणायला इचलकरंजी. नाक्याच्या अलीकडच्या पोलिसाशी हे कानडीत बोलायचे, पलीकडच्याशी मराठीत, आणि माझ्याशी दोन्ही भाषांत भांडायचे. काय दिवस होते ते! वंटमुरीच्या घाटात गार वारा लागला की ह्यांचा आवाज मोकळा व्हायचा. सूर कशाला म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण घाट संपेपर्यंत गाणं संपत नसे.

दोन वर्षांमागं ह्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात हळूहळू परतला, डावा पाय परतला नाही. गाडी पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. घरात ‘पाय’ हा शब्दच आम्ही टाकून दिला. जिन्यापाशी आले की मी नुसता खांदा पुढं करायची आणि ते नुसता धरायचे.

मग यंदा एकदम म्हणाले, “मंगल, गाडी दुरुस्त करून घ्यायची.”

दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. नाही कोणत्या तोंडानं म्हणू? पण गाडी चालू होईल, हे हौसेनं स्टिअरिंगवर बसतील, आणि डाव्या पायानं क्लच दाबायला जातील. तेव्हा या माणसाचं काय होईल, या विचारानं माझी झोप उडाली.

आमचा मिस्त्री भरमू. त्यानं इंजिन खोललं, डोक्याला हात लावला आणि जुने भाग पोत्यात भरून आम्हा दोघांना आपल्या कारमधून निपाणीला नेलं. तिथं परशरामचं दुकान. एवढ्या जुन्या पिकअपचे सुटे भाग त्याच्याकडंच मिळायचे.

“अण्णा, नुसत्या रिंगा बदलल्या तर भागंल की,” भरमू म्हणाला.

ह्यांनी पोत्यातला लायनर मांडीवर घेतला. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो, तो हा लायनर. आतून बोट फिरवलं. “वरच्या अंगाला कड लागतीया बघ, लायनर झिजलाय. पिस्टन-लायनरचा पुरा सेटच घ्यायचा. हेड गॅस्केट नवं, बेअरिंग नवी. अर्धवट काम मला चालत न्हाय.”

आवाजात पूर्वीचा रुबाब होता. कापडाचा पोत बघावा तसे ते एकेक पिस्टन उजेडात धरत होते. परशराम चहा मागवत होता, जुन्या गोष्टी निघत होत्या, हे हसत होते. मला वाटलं, दिवसभर इथंच बसावं आणि काहीच ठरू नये.

पण परशरामनं क्लचचे दोन खोके पुढं ठेवले.

“हा कडक स्प्रिंगचा. कितीबी ओझं घाला, घाटात घसरणार न्हाय. पर पेडल जड. आणि हा मऊ. पायाला हलका, पर लई माल भरायचा न्हाय.”

“कडक,” हे लगेच म्हणाले. “आमच्या गाडीला कायम कडकच.”

माझा स्वभाव तापट. इतके दिवस झाकून ठेवलेलं सगळं तिथंच उसळलं.

“दाबणार कोण?”

“म्हंजे?”

“कडक क्लच दाबणार कोण? जिन्याच्या पायरीवर तुमचा पाय उचलत न्हाय, घाटात उचलंल व्हय?”

परशराम खोक्यावरची धूळ पुसायला लागला. भरमू रस्त्याकडं बघत राहिला. चारचौघांत नवऱ्याला असलं बोलले, माझी जीभ झडो, असं मला झालं. ह्यांनी पोत्यातनं जुनी क्लच प्लेट काढली आणि माझ्या हातात दिली. झिजून पार आतल्या खिळ्यांना, रिबिटांना टेकली होती.

“मी किती प्लेटा खाल्ल्या म्हणून तू भांडायचीस न्हवं? आपली पोरगी मंजुश्री पोटात हुती तवा तुला हादरा बसू नये म्हणून घाटात अर्धा क्लच धरून चालवायचो. ती सवय पडली, मग सुटलीच न्हाय; प्लेटा झिजायच्या त्या त्यानंच.”

मी प्लेट घेऊन उभी. एवढी वर्षं शेजारी बसून मला हे कळलं नव्हतं. रडू आलं, आणि आलं तर आलं.

“परश्या, मऊ दे,” हे म्हणाले. “ही चालवंल.”

“मी? मला सायकलबी येत न्हाय!”

“सायकलला कुठं क्लच असतोय? मी शिकवतो.”

भरमूनं गाडी जोडली, पुढं लाल रंगात एल लिहिला. काकतीच्या पुढं एका मोकळ्या माळावर माझी शाळा भरली. पहिल्या दिवशी गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि बंद पडायची. हे ओरडायचे, मी दुप्पट ओरडायची. गुरं राखणारे गडी बांधावर बसून मजा बघायचे. पण क्लच खरंच मऊ होता. हळूहळू पायाला उमज पडली. मी गिअर बदलताना ह्यांच्या मांडीला ताण यायचा, बूट मात्र जागचा हलायचा नाही. ते मला दिसायचं, पण आता ‘पाय’ म्हणायची आम्हाला चोरी नव्हती. “माझा न्हाय तर न्हाय, तुझा तरी टाक नीट,” असं तेच म्हणायचे.

लायसन्स हातात आलं आणि साड्यांचे चार हलके गठ्ठे घेऊन आम्ही संकेश्वरला निघालो. वंटमुरीचा घाट लागला. समोर ट्रक, मागं एसटी. मी अर्धा क्लच धरला, गाडी न हादरता वळण चढून गेली. कौतुक करतील म्हणून वाट बघितली, मग डोळ्याच्या कोपऱ्यातनं पाहिलं. हे माझ्याकडं टक लावून बघत होते.

“अवं, माझ्याकडं काय बघताय? रस्त्याकडं बघा की!”

“रस्ता तू बघ,” ते म्हणाले. “मी जन्मभर रस्ताच बघितला. तू शेजारी बसून कशी दिसायचीस, ते बघायचं ऱ्हाऊनच गेलतं.”