एक लांब शिट्टी

नाथाजीच्या गळ्यात काळ्या गोफात ओवलेली पितळी शिट्टी असायची. पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात दगडाची खाण होती, तिथला तो शिट्टीवाला. सुरुंगाच्या आधी तीन तोकड्या शिट्ट्या, म्हणजे पळा. धुरळा बसला की एक लांब, म्हणजे सुरुंग उडाला, आता भ्यायचं कारण नाही. एवढंच काम. पण त्याच शिट्टीनं त्यानं घरात एक लबाडी चालवली होती. ती कळल्यावर तुम्ही त्याला शिव्या घालाल. घाला खुशाल, पण आधी ऐकून तर घ्या!

सदुसष्टच्या भूकंपात त्याची थोरली लेक हरणा पहाटेच्या झोपेत भिंतीखाली गेली. तेव्हापासून त्याची बायको राहीबाई घरात पाठ टेकेना. पावसापाण्यात अंगणात गोणपाट पांघरून बसायची. आणि जमीन तरी एकदा हलून गप बसली का? कुठली! महिन्यातनं दोन-तीनदा पोटातनं गुरगुरायची, उतरंडीची मडकी खडखडायची. राहीबाई वाळून काटकी झाली. असाच एक दिवस हादरा बसला आणि नाथाजीनं खाणीवरनं, सुरुंग नसताना, एक लांब शिट्टी फुंकली. संध्याकाळी घरी येतो तर बाई चुलीपुढं बसून हसतेय.

"आवं, मी लय भ्याले बगा. मग तुमची शिट्टी ऐकली, म्हटलं सुरुंगच हाय की!"

त्या रात्री ती घरात झोपली. गाढ झोपली. मग काय, नाथाजीला चटकच लागली. दिवसा हादरा बसला की लांब शिट्टी. रात्री बसला की, "धरणाच्या बोगद्याची रातपाळी चाललीया गं, सुरुंग हाय, झोप." आधीच्या तीन शिट्ट्या ऐकू आल्या नाहीत, तर त्या वाऱ्यानं नेल्या. असं तीन वर्षं चाललं.

मग भूकंपाला सहा वर्षं होत आली तेव्हा खाणीवर हादरे मोजायचं यंत्र घेऊन एक साहेब आला. माणूस बोलका. जेवणाच्या सुट्टीत नाथाजीनं त्याला विचारलं, "सायेब, ह्ये हालतंय कशानं?"

"दूध तापवून ठेवलं की वर साय धरते ना? पृथ्वीचं थोडं तसंच समजा. आत सगळं तापलेलं, वर कवच. पण ते कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते सरकतात. आपला तुकडा वर्षाला दोन-तीन बोटं उत्तरेला सरकतोय. तिकडच्या तुकड्याला धडकला, त्यातनंच हिमालय वर उठला. रेटा अजून चालू आहे. त्या ताणानं इथल्या जुन्या भेगा सटकतात. धरणाच्या पाण्याचाही हात असेल, त्यावर आमच्यात वाद आहेत."

"मग ह्ये थांबणार कवा?"

साहेब हसला. "आपल्या हयातीत नाही. आणि एक करा, गावात सांगा. लहान हादऱ्यामागनं कधीकधी मोठा येतो. लहान बसला की घराबाहेर पडायचं."

 इतकी वर्षं नाथाजीला वाटत होतं, जमीन कधीतरी दमेल. ती तर दमायचीच नव्हती. त्याचा कृष्णात नावाचा लेक पलटणीत, तिकडं हिमालयात बर्फात उभा. आणि पायाखालची आख्खी जमीन त्याच्याच रोखानं निघालेली! 

राहीबाईला खरं सांगायला हवं होतं. पण घरात सून चंद्राबाई नऊ महिने भरलेली. तिचं माहेर शिराळ्याचं, पण आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरी. पाचच दिवसांत पोरगा झाला. आता सांगितलं तर राहीबाई ओल्या बाळंतिणीला अंगणात काढील, आणि पाचवी पुजल्याशिवाय तिनं उंबरा ओलांडायचा नसतो. नाथाजीनं ठरवलं, पाचवी होऊ दे, मग सांगू.

पाचवीच्या दिवशी दुपारी खाणीवर पायाखाली गुरगुर झाली. बारकासा हादरा. नाथाजीचा हात आपसूक गळ्याकडं गेला आणि त्यानं एक लांब शिट्टी फुंकली. सवय हो, दुसरं काय? शिट्टी तोंडातनं काढली आणि मग त्याला साहेबाचं बोलणं आठवलं.

तो पळत सुटला. उतारावरनं धडपडत, वहाणा कुठं गेल्या त्याचं भान नाही. "राहे, भाईर ये! पोराला घेऊन भाईर ये!" एवढ्या लांबनं कुणाला ऐकू जाणार? शिट्टीच काय ती गावापर्यंत जायची, आणि आता तीन तोकड्या फुंकल्या तरी घरी सुरुंगच समजले असते.

वाटेतच दुसरा आला. नाथाजी तोंडावर आपटला. त्याच्या हाताखालची वाट हलत होती. खाली गावातनं धुरळा उठला आणि बायकांच्या किंकाळ्या आल्या.

घरी पोचला तर बाळंतिणीच्या खोलीची भिंत आडवी झालेली. पण पडली होती बाहेरच्या अंगाला. अंगणात चंद्राबाई बसली होती आणि राहीबाईच्या पदरात पोर टाहो फोडत होतं.  नाथाजी मटकन खाली बसला. राहीबाईनं पोर त्याच्या मांडीवर दिलं.

"घ्या, वाचलंय. आवं, पैल्या हादऱ्याला मी दोगांना भाईर काढलं व्हतं. म्हटलं जळो ती पाचवी. उंबऱ्याभाईर आलो न्हाई तवर तुमची शिट्टी वाजली. म्हटलं सुरुंगच हाय, उगं पोरीला वारं लागंल. परत आत निजवली. भित भाईरच्या अंगाला पडली म्हणून वाचली दोगं."

नाथाजी म्हणाला, "राहे, सुरुंग नव्हता."

"मग शिट्टी?"

"तू भिऊ नयेस म्हणून."

"कवापासनं?"

"पैल्यापासनं. पन सायबानं सांगितलं व्हतं मला, ल्हान्यामागनं मोठा येतो म्हणून. मी आज सांगनारच व्हतो..."

राहीबाईनं पडलेल्या भिंतीकडं बघितलं.

"हरणाच्या टायमाला आपल्याला ठाव नव्हतं," ती म्हणाली. "ह्या टायमाला तुमाला ठाव व्हतं."

तिनं वाकून त्याच्या मांडीवरचं पोर उचलून घेतलं.