मी न खोडलेली माफी

मी एक जुनं बॅकस्पेसचं बटण आहे. माझ्यावरचा बाण केव्हाच झिजून गेलाय. मित्रांनो, कीबोर्डवर शंभरेक बटणं असतात. त्यांत प्रेमाने कधीच न दाबलेलं असं मी एकटाच. एंटर माझा सख्खा शेजारी. वाक्य जमलं की त्याला शाबासकी, फसलं की मला थापड.

आमच्या बाई लिफ्टच्या कंपनीत जनसंपर्काचं काम बघतात. म्हणजे लिफ्ट बंद पडली, की ती बंद पडलेलीच नाही हे लोकांना गोड शब्दांत सांगतात. हे काम मुख्यतः मीच करतो. पगार बाईंना मिळतो.

परवा दुपारी एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत माणसं होती. बाईंनी लिहिलं, ‘लिफ्ट अडकली.’

मागून साहेब म्हणाले, “अडकली कशाला? किती निराश वाटतं!”

“मग काय लिहू, सर?”

“थांबली लिहा. नको, विसावली.”

मी खोडलं. मग साहेबांना ‘विसावली’त आळस दिसला. मी तेही खोडलं. निवेदन तयार होईस्तोवर आतली माणसं सुटून, घरी जाऊन, चहा पिऊन मोकळी झाली होती.

त्याच संध्याकाळी बाईंच्या ताईच्या शिलाईच्या दुकानाचं उद्घाटन होतं. हे दुकान व्हावं म्हणून ताईने अर्धं आयुष्य लोकांच्या बाह्या उसवून पुन्हा शिवल्या होत्या. फीत धाकट्या बहिणीनेच कापायची, असं तिने ठरवलेलं. बाईंनी फोनवर सांगितलं, “लिफ्टची भानगड निघालीय, आलेच!” ताई थांब थांब थांबली आणि शेवटी स्वतःच फीत कापून मोकळी झाली. कात्री काय, तिच्या हातातच असते. तेव्हापासून अबोला.

काल बाई माफी मागायला बसल्या. ताईला संदेश लिहिला: ‘ताई, काही अपरिहार्य कारणांमुळे उपस्थित राहता आले नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ सख्ख्या बहिणीला! आणि पुढे कहर म्हणजे, सवयीने तो साहेबांकडे मंजुरीला पाठवला. साहेब कुठलाही मजकूर न वाचता दुरुस्त करू शकतात. त्यांनी ‘ताई’ काढून ‘संबंधितांनो’ घातलं. ‘दिलगीर आहोत’ने जबाबदारी अंगावर येते म्हणून ‘नोंद घेतली आहे’ केलं. बाईंनी तेच, पुन्हा सवयीने, ताईला धाडलं. मी डोकं आपटून घेतलं असतं, पण ते काम बाईंचं बोट करतंच.

ताईचं उत्तर आलं: ‘आम्ही म्हणजे कोण गं? तू आणि ती लिफ्ट?’

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग भराभर लिहिलं: ‘ताई, माझं चुकलं. निघता येत होतं, निघाले नाही. एका शब्दासाठी बसून राहिले. मला तुझं दुकान बघायचंय.’

आणि बोट माझ्यावर आलं.

मित्रांनो, मी जागचा हललो नाही. यात थोर काही नाही. माझ्याखाली अनेक वर्षांचा बिस्किटांचा भुगा आहे. बाईंनी दाबलं, मग ठोकलं, मग नख घालून उचकटलं. मी उडून थेट टेबलाखाली. वर डिलीट होता, पण तो पुढचं खोडतो, आणि पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. बाईंनी सुस्कारा सोडून एंटर दाबला.

लगेच फोन वाजला. ताईचा आवाज टेबलाखालीसुद्धा स्वच्छ येत होता.

“अडकलेले सुटले, मग तू का नाही सुटलीस?”

“वाक्य अडकलं होतं गं.”

“अगं बाई! आणि मी तिथे दारात, फितीला गाठी मारत उभी!”

“हो ताई. चुकलं.”

“ब्लाउजचं माप द्यायला ये. फुकट शिवणार नाहीये!”

मित्रांनो, बटणांची काळजी घ्या. त्यांच्यावर वाकून बिस्किटं खाऊ नका. इथे टेबलाखाली धूळ फार आहे, पायही फार लागतात. तेव्हा मला उचलून जागेवर बसवा, एवढीच विनंती. पण घाई नको. आधी त्या दोघींचं बोलणं होऊ द्या.