कूलरसमोरचं मेणाचं चित्र

माझ्या धाकट्या लेकीला, टीनाला, पहिली मुलगी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. भीमजयंती होऊन गेली होती. माझी मोठी नात स्नेहल तेव्हा नागपूरला चित्रकला शिकत होती. ती चादरीत गुंडाळलेली एक फळी घेऊन आमच्या गावी, दवनीवाड्याला आली. मधमाशीचं मेण वितळवून, त्यात रंग कालवून, थरावर थर देत तिनं फळीवर चित्र काढलं होतं. निळं, पिवळं, मध्ये एक तांबडी रेघ. माणूस नाही, झाड नाही.

"कायचं आहे हे?" माझ्या मालकांनी, शालिकरामनी, विचारलं.

"कायचंच नाही, आबा. फक्त पाहायचं."

"बरं. पाहून राहिलो."

जूनमध्ये प्रदर्शन होतं, आणि तिच्या वर्गातून एवढं एकच चित्र निवडलं होतं. तिच्या खोलीचा स्लॅब तापायचा, म्हणून तोवर चित्र आमच्या कवेलूच्या छपराच्या घरात राहणार होतं. ऊन लागू द्यायचं नाही, चुलीजवळ न्यायचं नाही, वरून प्लास्टिक गुंडाळायचं नाही, पांढुरकी झाक आली तर मऊ सुती कापडानं हलकेच पुसायचं, असं तिनं सांगितलं. मालकांनी शब्द दिला, "जसं आहे तसं तुझ्या हाती देईन."

शब्द त्यांनी जरा जास्तच पाळला. चित्र आतल्या खोलीत टांगलं आणि घरातला एकुलता कूलर त्याच्याकडे वळवला. माझं जुनं पातळ फाडून पुसायचं कापड केलं. पातळ जुनं नव्हतं.

मी म्हटलं, "मी गर्मीनं मरून राहिली, अन् कूलर चित्राले?"

"तू थोडीच वितळते," ते म्हणाले.

बुद्धपौर्णिमेला गोरेगावहून त्यांची मोठी बहीण आली, रुख्माबाई. आम्ही दोघं विहारात खीर वाटायला गेलो. बाईंचे गुडघे दुखत होते, त्या घरीच थांबल्या. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर त्यांनी मेणबत्त्या लावल्या. मग आत गेल्या. पाहतात तर गार हवा, भिंतीवर एकच चित्र, खाली पेटीवर घडी घातलेलं स्वच्छ कापड. एवढी सेवा म्हणजे कोणीतरी थोर असणार, असं त्यांनी धरलं. पेटीवर मेणबत्ती लावली. हवेनं ज्योत टिकेना, म्हणून कूलर बंद केला.

आम्ही परतलो तेव्हा चित्राचा खालचा कोपरा ओघळून पेटीवर आला होता आणि बाई हात जोडून बसल्या होत्या.

"बाई, काय केलं हे?"

"उजेड केला. तुमी त्याले अंधारात ठेवून राहिले."

मालक खालीच बसले. "पोरीले काय तोंड दाखवू आता?"

बाईंनी चित्र निरखून पाहिलं. "बिघडलं कायवरून म्हणतं रे, शालिक? अगोदर तरी काय होतं?"

खाली निळं होतं की पिवळं, हे मालकांना आठवेना, मलाही आठवेना. मालक इस्त्री घेऊन उठले, दाबून सारखं करतो म्हणाले. मी इस्त्री हिसकून तांदळाच्या डब्यात लपवली. मग त्यांनी स्वतःच स्नेहलला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आली. चित्र उतरवून अंगणात आणलं. मग पिशवीतून गरम हवेचं यंत्र काढलं. "मेण आहे, आबा. वितळलं तसं परत बसते." ओघळ खरवडून, नवे थर देत ती दिवसभर अंगणातल्या सावलीत बसली. शेजारी रुख्माबाई.

"पोरी, हा आहे तरी कोण?"

"कोणीच नाही, आजी."

"मंग मी काऊन हात जोडले?"

स्नेहल इतकी हसली की यंत्र बाजूला ठेवावं लागलं.

चित्र प्रदर्शनात लागलं. आम्ही गाडीनं नागपूरला गेलो. तिथं चित्रावर अगदी जवळून दिवा सोडला होता. मालकांनी तिथल्या माणसाला बोलावलं आणि दिवा लांब करायला लावला. दार बंद होईपर्यंत ते चित्रापाशीच उभे राहिले.

शालिकराम त्याच वर्षी धानकापणीच्या दिवसांत गोंदियाच्या दवाखान्यात वारले. रुख्माबाई त्यांच्यामागून दोन महिन्यांनी गेल्या.