मोजणीबाहेरचा कवडसा

मार्गशीर्षातला सूर्य दक्षिणेकडे कललेला, सौम्य, सुवर्णपिंगट. हिरण्यकेशीच्या पात्रावरचे धुके हलक्या हाताने उचलत, उसाच्या रुपेरी तुऱ्यांवरून चालत तो गावात येतो, आणि रेडेकरांच्या कौलारू घराच्या दक्षिण पाख्यावर क्षणभर टेकतो. त्या पाख्यात एकच कौल काचेचे आहे. एवढ्या अफाट आकाशाला या घरात शिरायला तेवढीच वाट आहे.

त्या वाटेने सकाळी दहाच्या सुमाराला एक कवडसा माजघरात उतरतो. चौकोनी, चिंचोळा, हातभर लांबीचा. पश्चिमेच्या भिंतीवर कालनिर्णयाच्या पानावर तो जन्माला येतो. भिंत उतरून धान्याच्या कोठीवर येतो. शिलाई मशीनच्या काळ्या चाकाला घटकाभर सोनेरी करतो. मग शहाबादी फरशीवर अंग पसरून, इंचाइंचाने, निवांत, पूर्वेकडे सरकत राहतो. तीनच्या पुढे कधीतरी कोनाड्याच्या पायाशी तो विरून जातो. जाताना कुणाला सांगून जात नाही.

पस्तीस वर्षे तो असा येत होता, असा जात होता. आणि पस्तीस वर्षे या घराच्या धन्याला त्याचा पत्ता नव्हता.

धनी म्हणजे श्रीपतराव रेडेकर. भूमापन खात्यातले मोजणीदार, नुकतेच कार्तिकात निवृत्त झालेले. सगळा तालुका त्यांनी पायी तुडवला होता. या बांधापासून त्या बांधापर्यंत, बाभळीपासून विहिरीपर्यंत, भावाच्या रागापासून भावाच्या रागापर्यंत साखळी ताणली होती, हद्दीचे दगड रोवले होते. सकाळी आठला घराबाहेर आणि दिवेलागणीला घरात. रविवारी ते घरी असत खरे, पण रविवार म्हणजे वर्तमानपत्र, पाहुणे आणि झोप. बाकीच्या वारी दुपारी आपले घर काय करते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

निवृत्तीचे पहिले पंधरा दिवस सत्काराच्या शालीसारखे उबदार गेले. सोळाव्या दिवशी शाल ट्रंकेत गेली आणि श्रीपतराव बायकोच्या, मालनताईंच्या, पायात पायात येऊ लागले. डब्यांची झाकणे उघडून बघत, फोडणीत हिंग किती म्हणून विचारत, आणि दारातला नळ रोज दुरुस्त करून रोज बिघडवत. मालनताई झाकणे पुन्हा लावून कामाला लागत. एवढा जन्म काढल्यावर माणसाची सवय असते. फक्त तो दिवसभर घरात असण्याची नव्हती.

अशाच एका रिकाम्या, रेंगाळत्या पूर्वाह्णी त्यांची नजर मशीनच्या चाकावर पडली. चाक पेटल्यासारखे लखलखत होते. ते बघतात तोवर चाक विझले, आणि शेजारच्या फरशीवर प्रकाशाची एक कड हळूच पुढे सरली.

श्रीपतराव उठले. वाकले. मग गुडघे टेकून बसले. ज्या डोळ्यांनी अर्ध्या वितीच्या अतिक्रमणावरचे कज्जे मिटवले होते, ते डोळे त्या चालत्या हद्दीवर खिळून राहिले. सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा होताच. खात्याने घड्याळ दिले, निरोप दिला, पण तो तुकडा परत मागितला नव्हता. त्यांनी कवडशाच्या चार कोपऱ्यांवर चार खुणा केल्या. पाच मिनिटांत प्रकाश खुणा ओलांडून निघून गेला. साऱ्या हयातीत, दगड रोवल्यावर पुढे चालू लागलेली ही पहिलीच जमीन होती, आणि त्यांना मनापासून हसू आले.

मग तो छंदच जडला. दहाचा कवडसा, अकराचा कवडसा, माध्यान्हीचा कवडसा. फरशीभर शुभ्र रेषांचे जाळे विणले गेले. पौष लागला तसे त्यांच्या ध्यानात आले की माध्यान्हीची खूण जागची हलते आहे. सूर्य उत्तरेला वळतो आहे आणि कवडसा केसाकेसाने दक्षिणेकडे मागे सरतो आहे. एका बोटाने, मग दोन बोटांनी. अख्खे उत्तरायण आपल्या माजघरात बोटांनी मोजता येते, या शोधाने ते शाळकरी पोरासारखे हरखले. जेवताना बोलत ते फक्त कवडशाबद्दल. मालनताई "हूं" म्हणत आणि आणखी एक भाकरी वाढत.

आणि एके दिवशी त्यांना दुसरा उजेड दिसला.

दुपारचे साडेबारा झाले होते. श्रीपतराव जेवून सोप्यावर, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर, माजघराच्या दाराकडे पाठ करून, वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आडवे होण्याआधी सहज मान वळवली, तर माजघराच्या काळोख्या छपरात, धुराने काळवंडलेल्या आढ्यावर, एक गोलसर प्रकाश थरथरत होता. पाण्यासारखा कापणारा, पाखरासारखा अधीर. तो आढ्यावरून वाशावर उतरला, वाशावरून चिमणीच्या ओसाड घरट्यात शिरला, तिथे थबकला, बाहेर आला, आणि गेला. श्रीपतराव लगबगीने आत आले. फरशीवर कवडसा आपल्या खुणांवर शहाण्यासारखा पडला होता. मालनताई सुपात तांदूळ निवडत होत्या.

कवडसा खाली आहे. मग वर काय होते? सूर्य एक, कौल एक, वाट एक. मग हा कुठल्या हद्दीतून आला? हा उजेड पूर्वेला सरकत नव्हता. मनाला येईल तिकडे जात होता. मोजणीदाराच्या मनात खड्यासारखे काहीतरी खुपू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छपराला शिडी लावली.

"काय हुडकायलाय ओ?" खालून शिडी धरत मालनताईंनी विचारले.

"एखादं कौल फुटलंय. उजेड शिरतोय कुठनं तरी."

"असंल," त्या म्हणाल्या. "धरलीया मी शिडी. सावकाश बघा."

त्यांनी तीनशे बारा कौले तपासली. एकही फुटलेले नव्हते. खाली मालनताई शिडी धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काय होते, ते वरच्या माणसाला दिसायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी श्रीपतराव सोप्यावर आडवे झाले, डोळे मिटले, घोरण्याचे थोडे नाटकही केले. मग अनवाणी, श्वास रोखून, दाराच्या चौकटीशी येऊन त्यांनी आत पाहिले.

माध्यान्हीचा कवडसा माजघरात पसरला होता. त्याच्या काठाशी मालनताई पाय दुमडून बसल्या होत्या. सूप बाजूला सारलेले. हातात चिंचेने घासून लखलखीत केलेले पितळी ताट. त्यांनी ताट कवडशात धरले, जरा कलते केले, आणि छपराच्या काळोखात तो थरथरता सुवर्णगोल उमलला. पंचावन्न वर्षांची ती बाई मान वर करून त्याच्याकडे पाहत होती. आढ्यावर, वाशावर, घरट्यात, परत आढ्यावर. उजेडाला ती हिंडवत होती, लपवत होती, अचानक पळवत होती. केसांतली रुपेरी बट गालावर आली होती, ती सारायचेही भान नव्हते. चेहरा असा निरागस, असा निर्भर, की श्रीपतरावांना क्षणभर वाटले, ही बाई आपल्याला माहीतच नाही.

नव्या नवरीपणी सासूबाई दुपारी झोपत आणि नवरा बांधावर असे, तेव्हा ताट पुसता पुसता तिला हा उजेड सापडला होता. मग मुलगी झाली, वाढली, नांदायला गेली, सासूबाई गेल्या, पण दुपारची ती घटका तिने कुणाला दिली नाही. तिचे म्हणून या घरात तेवढेच होते, आणि ते कुणाला माहीत नव्हते म्हणूनच तिचे होते.

इथे श्रीपतरावांनी हळूच मागे फिरून झोपायला हवे होते. त्यांना तसे वाटलेही. पण त्यांचे काळीज आनंदाने काठोकाठ भरले होते, आणि आनंद झाला की त्यांना एकच गोष्ट करता येत असे.

दुसऱ्या दिवशी मालनताई सूप घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या बसायच्या जागेभोवती खडूचा रेखीव चौकोन होता. चार कोपऱ्यांवर क, ख, ग, घ. मधोमध एक वीट, विटेला टेकवून ते पितळी ताट, नेमक्या कोनात बसवलेले.

"ये, मालन, बस हितं!" श्रीपतरावांचा चेहरा फुलला होता. "तू हातानं धरतीस, त्यो हलतोय. मी सगळं काढलंय बघ. ताट हितं ठेवलं तर बरोबर बावीस मिनटं उजेड ऱ्हातोय आढ्यावर. जरासुदिक हलत न्हाई!"

छपरात सुवर्णगोल स्थिर, निश्चल, खिळा ठोकल्यासारखा उभा होता.

मालनताईंनी एकदा वर पाहिले, एकदा चौकोनाकडे पाहिले. आधी त्या लाजेने लाल झाल्या. मग ती लाली हळूहळू उतरली. त्यांनी ताट उचलले, पदराने पुसले.

"पस्तीस वर्सं लोकांच्या हद्दी मोजलासा," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझीच तेवढी ऱ्हायली हुती. ती बी मोजलासा."

आणि ताट फळीवर, सगळ्या ताटांच्या मागे ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

त्या दिवसापासून दुपारी कवडसा आला की माजघरात कुणी नसे. मालनताई चुलीपाशी बसून तांदूळ निवडत. बोलणे तसेच, वाढणे तसेच. राग म्हणावा असे काही नव्हते. फक्त छपरात काळोख होता. चौकोनात प्रकाश येई, क पासून ग पर्यंत जाई, आणि रिकाम्या हातांनी निघून जाई. श्रीपतरावांना तो बघवत नसे. आपण आयुष्यात सणावारी दिलेली सगळी साडी-चोळी त्यांनी आठवून पाहिली, आणि त्या ताटातला उजेड आपण तिला दिलेला नव्हता, तरी तो आपण काढून घेतला, हे त्यांना लख्ख कळले. फार वाईट वाटले.

मोजणीचा एक नियम त्यांना तोंडपाठ होता: साखळी टाकण्याआधी लगतच्या खातेदाराला नोटीस द्यावी लागते. नोटिशीशिवाय केलेली मोजणी धरली जात नाही. पस्तीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही चुकवला नव्हता, आणि घरात आल्यावर पहिल्याच मोजणीला चुकवला.

एका पहाटे, मालनताई पाणी तापवत असताना, ते ओले फडके घेऊन माजघरात गुडघ्यांवर बसले. दहाचा कवडसा पुसला. अकराचा पुसला. उत्तरायणाची बोटे एकेक करून पुसली. शेवटी क, ख, ग, घ पुसले. फरशीच्या सांध्यांत थोडा पांढरेपणा राहिला, तो काडीने कोरून काढला. मालनताई दारात येऊन उभ्या राहिल्या, बघितले, आणि चहा टाकायला गेल्या.

त्या दिवसापासून बाराच्या ठोक्याला श्रीपतराव सोप्यावर जाऊन बसू लागले. दाराकडे पाठ, खांबाकडे तोंड. वर्तमानपत्र नाही, झोप नाही. मागे माजघर, मागे तो कवडसा, मागे ती. ती आहे का तिथे? ताट काढले असेल का? उजेड आता घरट्यात असेल की वाशावर? कुतूहल मानेवर मुंगीसारखे चढत राही, मान वळायला बघे, आणि ते मान वळू देत नसत. इतकी अवघड मोजणी त्यांनी कधी केली नव्हती.

आठवडा गेला. पंधरवडा गेला. पौष सरला, माघ आला. मागून कधी काही ऐकू आले नाही.

रथसप्तमीचा दिवस उजाडला. मालनताईंनी अंगणात रांगोळीचा सूर्यरथ काढला, गोवऱ्यांवर दूध उतू जाऊ दिले. दुधाचा करपट गोड वास दुपारपर्यंत घरात भरून होता. बारा वाजले. श्रीपतराव सोप्यावर बसले. उत्तरेकडच्या त्या सोप्याला हिवाळाभर ऊन शिवत नाही. गार, निळसर सावलीत समोरचा खांब उभा होता, नेहमीसारखा.

आणि खांबावर काहीतरी हलले.

एक गोलसर, सुवर्णपिंगट, थरथरता उजेड. जिथे सूर्य येत नाही तिथे आलेला. तो खांबाच्या पायाशी क्षणभर घुटमळला, वर चढला, उतरला, आणि श्रीपतरावांच्या खांद्यावरून उडी मारून त्यांच्या गुडघ्यावर येऊन बसला.

त्यांचा हात सवयीने खिशात गेला. खडूचा तुकडा बोटांना लागला. बोटांनी तो एकदा कुरवाळला आणि तिथेच सोडला.

हात बाहेर आला तो रिकामा. त्यांनी तळवा उजेडावर धरायला नेला, तर उजेड पळाला. खांबावर धरायला गेले, तर छपराला गेला. मागे, माजघरात, कुणीतरी हसू दाबले. दाबले, पण ते दबले नाही.

श्रीपतरावांनी मान वळवली नाही. त्यांनी नुसता हात पुढे केला, उघडा, स्थिर, बांधांच्या मातीने रापलेला. आणि वाट पाहिली. उजेड आला, थबकला, जरा लांब गेला, पुन्हा आला, आणि हळूहळू, थरथरत थरथरत, त्या तळव्यात उतरला.